पन्नास-साठ लाखांची गाडी घेताना पूर्ण किंमत कधी मोजावी आणि कधी मोजू नये

मोंढ्यात सोयाबीनच्या ओलाव्यावरून क्विंटलमागे पन्नास रुपयांसाठी अर्धा तास वाद घालणारा व्यापारी आलिशान गाडीच्या शोरूममध्ये शिरला की अनेकदा गप्प होतो. तिथला गारवा, हातात आलेली कॉफी, विक्री प्रतिनिधीचे सफाईदार इंग्रजी आणि सोबत आलेल्या चार नातेवाइकांसमोर ‘शेठला परवडत नाही वाटतं’ असे दिसू नये ही धास्ती, या सगळ्यांचा परिणाम म्हणून पहिल्याच कोटेशनवर बुकिंगची रक्कम दिली जाते. जालन्याचा स्टील उद्योग असो, लातूरच्या डाळ मिल असोत, नांदेडचा गुत्तेदार असो की समृद्धी महामार्गासाठी जमीन दिलेले कुटुंब असो, आपल्या मराठवाड्यात अशी गाडी घेण्याची ऐपत आता पुष्कळांची आहे. ती घ्यावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. घ्यायचे ठरलेच असेल, तर जाहीर केलेली पूर्ण किंमत मोजण्यात अर्थ आहे का, एवढ्यापुरतेच येथे पाहू.

माझे मत आधीच सांगतो. साधारण चाळीस लाखांपासून एक कोटीपर्यंतच्या बहुतेक मॉडेलांना पूर्ण किंमत मोजण्याचे कारण नसते. काही ठरावीक परिस्थितींत मात्र ती मोजणे योग्य ठरते आणि त्या परिस्थिती ओळखता आल्या पाहिजेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एक्स-शोरूम किमतीवरची, म्हणजे रस्ता कर आणि विमा धरण्याआधीच्या किमतीवरची सवलत हा व्यवहाराचा केवळ एक भाग असतो. विमा, कर्ज, जुन्या गाडीचा भाव आणि गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हा निर्णय, या चार ठिकाणी मिळून तेवढेच किंवा त्याहून जास्त पैसे जातात किंवा वाचतात.

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमधील उद्योजक आणि व्यावसायिकांच्या गटाने एकाच दिवशी १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या ताब्यात घेतल्या आणि सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या खरेदीची बातमी देशभर गाजली. ट्रॅक्टरसाठी शेतकऱ्याला त्याहून कितीतरी चढ्या दराने कर्ज मिळत असताना या गाड्यांना स्टेट बँकेने ७ टक्के दराने पैसे दिले, यावर झालेली टीका रास्तच होती. खरेदीदाराने त्यातून घेण्याजोगी गोष्ट मात्र ही, की एकत्र गेलेल्या ग्राहकाशी बँकही दराबाबत बोलायला बसते. दीडशे जण कोणाला जमणार नाहीत, पण एकाच महिन्यात एकाच ब्रँडची गाडी घेणारे तीन-चार ओळखीचे लोक जालना किंवा लातूरसारख्या शहरात सहज सापडतात. त्यांनी वेगवेगळे जाण्यापेक्षा एकत्र जावे.

कोटेशन ओळीओळीने वाचावे

सर्वांत आधी छापील कोटेशन मागावे. तोंडी आकड्यावर किंवा मोबाईलवर आलेल्या एका ओळीच्या संदेशावर बोलणी करू नयेत. उदाहरणासाठी ६० लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची, भारतात जुळणी झालेली पेट्रोल गाडी घेऊ. त्याखाली रस्ता कर, विमा, टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून आगाऊ गोळा करायचा आयकर), फास्टॅग, वाढीव वॉरंटी, सर्व्हिस पॅकेज, ॲक्सेसरीज अशा ओळी येतात आणि शेवटी ऑन-रोड किंमत येते.

एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के कर आणि वर उपकर मिळून मोठ्या एसयूव्हीवर हा भार ५० टक्क्यांपर्यंत जात होता. म्हणजे आजच्या ६० लाखांत साधारण १७ लाख १४ हजार रुपये जीएसटीचेच आहेत. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर येतो. २० लाखांवरील पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावावर असेल तर तो १३ टक्के, म्हणजे या उदाहरणात ७ लाख ८० हजार रुपये, आणि डिझेल गाडीला १५ टक्के असतो. हे दोन्ही कर मिळून जवळपास २५ लाख रुपये होतात. गाडी दुसऱ्या दिवशी विकायला काढली तरी ते परत मिळत नाहीत. नव्या आलिशान गाडीची किंमत सुरुवातीलाच एवढी का कोसळते, याचे अर्धे उत्तर या दोन ओळींत आहे. विजेच्या गाड्यांवर जीएसटी ५ टक्केच आहे. त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा करावा लागतो.

टीसीएसची ओळ पाहून पुष्कळ जण उगाच वाद घालतात. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेत्याने १ टक्का रक्कम गोळा करून तुमच्या पॅनवर सरकारजमा करायची असते. ती तुमच्या आयकरातून वळती होते किंवा परतावा म्हणून मिळते. तेथे ६० हजार रुपये अडकतात, जात नाहीत. फक्त कोटेशनवर आणि बिलावर योग्य पॅन लिहिला आहे ना, हे पाहावे. वडिलांच्या नावाची गाडी आणि मुलाचा पॅन, असा घोळ झाला की वर्षअखेर निस्तरताना नाकी नऊ येतात.

‘हँडलिंग चार्जेस’, ‘लॉजिस्टिक्स’, ‘डॉक्युमेंटेशन’ अशा नावाची कोणतीही ओळ दिसली तर ती खोडायला सांगावी. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो, त्यामुळे तो दुसऱ्यांदा घेण्याचे कारण नाही. सत्तर लाखांच्या व्यवहारात वीस हजारांसाठी काय बोलायचे, या संकोचावरच ही ओळ जगते.

गाडी कोणाच्या नावावर घ्यावी

ही बाब बोलणी सुरू होण्यापूर्वी ठरवावी, कारण शोरूममधून मिळणाऱ्या सवलतीपेक्षा येथील फरक मोठा असू शकतो. कंपनीच्या नावावर नोंदणी केल्यास महाराष्ट्रात रस्ता कर २० टक्के आहे. आपल्या उदाहरणात तो ७ लाख ८० हजारांवरून १२ लाखांवर जातो, म्हणजे ४ लाख २० हजारांचा फरक पडतो. पूर्ण तयार स्थितीत आयात झालेल्या गाडीला व्यक्तीच्या नावावरही २० टक्केच लागतो. जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली असल्याने कोटीच्या वरच्या गाड्यांना हा बदल चांगलाच जाणवतो.

कंपनीच्या नावावर घेण्याचे समर्थन घसाऱ्यावर, म्हणजे गाडीच्या मूल्यातील दरवर्षीची घट व्यवसायाचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करण्याच्या सोयीवर केले जाते. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर आयकरात १५ टक्के घसारा घटत्या मूल्यावर मिळतो. जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देय जीएसटीतून वळता करण्याची सोय, मात्र अशा प्रवासी गाडीवर नेहमीच्या व्यवसायाला मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे; ‘जीएसटी सुटेल’ असे सांगणाऱ्या प्रतिनिधीला ते लिहून द्यायला सांगितले की विषय आपोआप बदलतो. ज्याचा व्यवसाय स्वतःच्या एकल मालकीचा आहे, त्याला व्यक्ती म्हणून स्वतःच्याच नावावर नोंदणी करून १३ टक्के कर भरता येतो आणि गाडी व्यवसायासाठी वापरली जात असेल तर घसाराही मागता येतो. नोकरदाराला घसारा नाहीच, त्यामुळे त्याच्यासाठी हा सगळा परिच्छेद व्यर्थ आहे.

मुहूर्ताचा आणि घसाऱ्याचाही संबंध आहे, आणि त्याची गंमत वाटते. आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. ३१ मार्चपासून मागे मोजल्यास ही सीमा ३ ऑक्टोबरच्या आसपास येते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, त्यामुळे दसऱ्याला रस्त्यावर आलेल्या गाडीला पूर्ण घसारा मिळाला आणि त्याच महिन्यात धनत्रयोदशीला आलेल्या गाडीला निम्मा. आपल्या उदाहरणात रस्ता करासह मूळ खर्च ६७ लाख ८० हजार धरल्यास पहिल्या वर्षाचा पूर्ण घसारा १० लाख १७ हजार होतो आणि निम्मा सुमारे ५ लाख ८ हजार. हा लाभ बुडत नाही, पुढे ढकलला जातो. २०२६ मध्ये दसराच २० ऑक्टोबरला आहे. त्यामुळे व्यवसायासाठी गाडी घेणाऱ्याने त्या वर्षी मुहूर्त गणपतीतलाच काढलेला बरा.

सवलत कोठून येते आणि कधी येते

आलिशान गाड्यांच्या कंपन्या जाहीर किंमत सहसा कमी करत नाहीत, कारण त्यात ब्रँडचा मान गुंतलेला असतो. त्याऐवजी त्या ठरावीक मॉडेलांवर, ठरावीक काळापुरती मदत देतात आणि ती एक्सचेंज बोनस, लॉयल्टी बोनस, कॉर्पोरेट सवलत, मोफत सर्व्हिस पॅकेज अशा वेगवेगळ्या नावांनी ग्राहकापर्यंत पोहोचते. म्हणून ‘डिस्काउंट किती?’ या प्रश्नाला ‘काहीच नाही, साहेब’ असे उत्तर मिळाले तरी त्यावर थांबू नये. ‘या महिन्यात या मॉडेलवर कंपनीच्या कोणत्या योजना आहेत, त्यांतील कोणत्या एकमेकांना जोडता येतात आणि त्या बिलात दिसणार का?’ असे विचारावे. उत्तर लेखी घ्यावे.

मर्सिडीज-बेंझच्या बाबतीत एक वेगळेपण आहे. ऑक्टोबर २०२१ पासून या कंपनीने भारतात थेट विक्रीची पद्धत सुरू केली. गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा असतो, बिल कंपनी देते आणि देशभर किंमत एकच असते. अशा वेळी नांदेडच्या ग्राहकाने हैदराबाद, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर अशा तीन ठिकाणी हेलपाटे मारून एक्स-शोरूम किमतीवर घासाघीस करण्यात फारसा अर्थ उरत नाही. पण जुन्या गाडीचा भाव, विम्याचा हप्ता आणि ॲक्सेसरीज या गोष्टी तेथेही बोलण्याच्याच असतात. इतर ब्रँडांसाठी मात्र दोन-तीन शहरांतील कोटेशन जवळ असणे हेच सर्वांत उपयोगी साधन आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील प्रकल्पात स्कोडाबरोबरच ऑडीच्या गाड्यांचीही जुळणी होते, म्हणून येथे त्या स्वस्त मिळतील अशी काहींची समजूत असते. कारखान्याच्या फाटकासमोर राहणाऱ्यालाही जाहीर किंमत तीच असते.

सवलतीचा हंगाम ठरलेला आहे. कंपन्या बहुधा जानेवारीत किमती वाढवतात आणि तसे डिसेंबरमध्ये जाहीर करून ग्राहकाला घाई करायला लावतात. त्याच वेळी वर्ष संपत आलेला साठा खपवायचा असल्याने डिसेंबरमध्ये सवलतीही सर्वांत मोठ्या असतात. यातील सापळा उत्पादनाच्या महिन्यात आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष नोंदलेले असते आणि पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक प्रथम तेच पाहते. मे महिन्यात तयार झालेली गाडी जानेवारीत घेतली, तर ती नोंदणीने नवी आणि बाजाराच्या दृष्टीने एक वर्ष जुनी ठरते. अशा गाडीला किमान एका वर्षाच्या घसरणीइतकी सवलत मिळत असेल तरच ती घ्यावी. जो माणूस गाडी सात-आठ वर्षे ठेवणार आहे, त्याला या फरकाची झळ कमी लागते. तीन वर्षांनी बदलणाऱ्याला पूर्ण लागते.

मॉडेलचे वय हा दुसरा धागा. बहुतेक आलिशान गाड्यांची एक पिढी साधारण सात वर्षे चालते आणि मध्यावर फेसलिफ्ट, म्हणजे रूप आणि साधने थोडी बदललेली आवृत्ती येते. पिढीच्या शेवटच्या वर्षात पूर्ण किंमत देणे हा सर्वांत वाईट व्यवहार आहे, कारण नवी पिढी येताच जुनीचा भाव पडतो. परदेशात नवी आवृत्ती दाखवली गेली असेल, तर ती काही महिन्यांनी येथेही येणार असे धरून चालावे आणि त्या आधारावर बोलणी करावीत. तांत्रिकदृष्ट्या शेवटच्या वर्षातली गाडी सहसा चांगली असते, कारण सुरुवातीचे दोष तोवर निघून गेलेले असतात. म्हणून भरघोस सवलतीत ती घ्यायला माझी हरकत नाही.

आयात गाड्यांच्या बाबतीत आणखी सावध राहावे. ४० हजार डॉलरच्या वरच्या, पूर्ण तयार आणलेल्या गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर ४० टक्के, असा ११० टक्क्यांचा भार राहिला. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येच्या गाड्यांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे. सरकारी निर्णयाने जाहीर किंमतच लाखांनी खाली येऊ शकते, हे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा सर्वांनी पाहिलेच आहे.

जुनी गाडी आणि विमा

एक्सचेंजमध्ये नवीन गाडीवर दोन लाख सोडले असे सांगून जुनीच्या किमतीत तीन लाख कापणे हा जुना डाव आहे. म्हणून नव्या गाडीची किंमत आधी एक्सचेंजविना ठरवावी आणि जुन्या गाडीला बाहेर काय भाव येतो, हे दोन ठिकाणी दाखवून पाहावे. त्यानंतरच शोरूमचा आकडा आणि एक्सचेंज बोनस यांची बेरीज त्या भावाशी ताडून पाहावी.

जुनी गाडी विकताना बहुतेक जण विम्याचा ‘नो क्लेम बोनस’ विसरतात, आणि आलिशान गाडीच्या खरेदीत ही चूक महाग पडते. सलग दावा न केल्यास हा बोनस २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घेतले, तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर तेवढी सूट मिळते. दहा वर्षे जुन्या साध्या गाडीवर जमवलेला ५० टक्के बोनस साठ लाखांच्या गाडीलाही लागू होतो. अट एवढीच की दोन्ही गाड्या एकाच माणसाच्या नावावर हव्यात. जुनी गाडी स्वतःच्या आणि नवी कंपनीच्या नावावर घेतली की तो गेला. हे प्रमाणपत्र तीन वर्षांच्या आत वापरता येते.

विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे, अशी सक्ती कोणालाही करता येत नाही. त्यांचे कोटेशन घ्यावे, बाहेरून त्याच अटींचे दुसरे घ्यावे आणि फरक समोर ठेवावा. पुष्कळदा शोरूमच हप्ता खाली आणते. तुलना करताना वाहनाचे घोषित मूल्य, म्हणजे गाडीचा विमा ज्या रकमेचा उतरवला जातो ती रक्कम, सारखे आहे ना, हे पाहावे. नव्या गाडीचे ते एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात ५७ लाख असते. हप्ता स्वस्त दाखवण्यासाठी ते कमी केलेले आढळल्यास तो विमा घेऊ नये. ‘झिरो डेप्रिसिएशन’, म्हणजे सुटे भाग बदलताना जुनेपणाची वजावट न करणारी जोड, सगळे घेतात, पण इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान त्यात येत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेड या भागांत जे पूर आले, ते पाहिल्यावर ‘आपल्याकडे दुष्काळी भाग, पाण्याचे काय’ हा युक्तिवाद कोणी करू नये. चोरी किंवा पूर्ण नुकसानीत बिलाची रक्कम देणारी ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ ही जोडही पहिली तीन वर्षे घ्यावी.

कर्जाचा हिशेब

रोख रक्कम दाखवून जास्त सवलत मिळेल, हा समज आता बहुतांशी चुकीचा आहे. शोरूमला कर्ज मिळवून देण्यातही कमाई असते. म्हणून गाडीची किंमत पक्की होईपर्यंत पैसे कसे देणार हे सांगू नये. आपल्या बँकेकडून दर लेखी घेऊन जावे. पन्नास लाखांचे पाच वर्षांचे कर्ज ९ टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १ लाख ३ हजार ८०० रुपये येतो आणि साडेनऊ टक्क्यांनी सुमारे १ लाख ५ हजार. अर्ध्या टक्क्याने पाच वर्षांत ७३ हजार रुपये जास्त जातात. शोरूमच्या फायनान्सशी जोडलेली सवलत याहून मोठी असेल तर ती घ्यावी, नसेल तर सोडावी.

सर्वांत जपून वागावे ते कमी हप्त्याच्या योजनेशी. यात कर्जाचा मोठा भाग शेवटी एकरकमी ठेवला जातो किंवा त्या रकमेला गाडी परत घेण्याची हमी दिली जाते. वरच्याच पन्नास लाखांत २० लाख शेवटी ठेवले, तर ९ टक्क्यांनी हप्ता सुमारे ७७ हजार ३०० रुपयांवर येतो आणि दरमहा साडेसव्वीस हजार वाचल्यासारखे वाटतात. परंतु पाच वर्षांचे एकूण व्याज जवळपास ४ लाख ९ हजारांनी वाढते. म्हणजे शोरूममध्ये झगडून मिळवलेली चार लाखांची सवलत येथे शांतपणे परत जाते. हमीच्या योजनेत किलोमीटरची मर्यादाही असते. रोज लातूर ते सोलापूर ये-जा करणाऱ्याला ती वर्ष संपण्याआधी ओलांडली जाईल.

पूर्ण किंमत कधी मोजावी

काही गाड्यांना रांगच असते. मर्सिडीजच्या जी-क्लाससारख्या मॉडेलसाठी ग्राहक महिनोन्महिने थांबतात. तेथे सवलत मागण्यात अर्थ नाही आणि पूर्ण किंमत हाच योग्य भाव असतो. अशा गाडीची पुनर्विक्री किंमतही टिकते. जाहीर किमतीच्या वर ‘लवकर मिळवून देतो’ म्हणून कोणी रक्कम मागितली, तर मात्र ती देऊ नये. ती बिलात येत नाही, विम्यात धरली जात नाही आणि घसाऱ्यातही मोजता येत नाही. नुकत्याच दाखल झालेल्या मॉडेलला पहिले सहा-आठ महिने पूर्ण किंमत द्यावी लागते. थांबण्याची तयारी नसेल तर तो उतावीळपणाचा भाव समजून द्यावा, त्यात पाप नाही. स्वतःच्या पसंतीचा रंग, आतील सजावट आणि साधने सांगून कारखान्यातून मागवलेली गाडी हाही असाच प्रकार आहे. सवलत साठ्यातल्या गाडीवर असते, मागणीनुसार बनवलेल्यावर नसते.

या तिन्हींपैकी काहीही नसताना, म्हणजे गाडी शोरूमच्या मागच्या आवारात उभी असताना आणि तिला तयार होऊन तीन महिने झाले असताना पूर्ण किंमत देणे हे निव्वळ नुकसान आहे. तुम्ही ६० लाखांना घेतलेली आणि शेजाऱ्याने ५६ लाखांना घेतलेली तीच गाडी तीन वर्षांनी बाजारात एकाच भावाने जाते. विम्याच्या प्रमाणित तक्त्यानुसारही दोन ते तीन वर्षांच्या गाडीच्या मूल्यातून ३० टक्के आणि तीन ते चार वर्षांच्या मूल्यातून ४० टक्के वजा होतात. साठ लाखांची गाडी तिसऱ्या वर्षी ४२ लाखांवर आणि चौथ्या वर्षी ३६ लाखांवर येते.

हेच आकडे उलट बाजूने वाचले, तर कंपनीच्या प्रमाणित योजनेतील दोन-तीन वर्षे वापरलेली गाडी विचारात घेण्याजोगी ठरते, कारण जीएसटी आणि रस्ता कराचे पंचवीस लाख पहिल्या मालकाने सोसलेले असतात आणि राज्यातल्या राज्यात नाव बदलताना रस्ता कर पुन्हा लागत नाही. हैदराबादहून स्वस्त पडते म्हणून आणलेल्या गाडीला मात्र ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा कर दोन्ही लागतात. ते धरल्यावर स्वस्ताई किती उरते, हे आधी कागदावर मांडावे.

सवलत कोणत्या रूपात मागावी, हेही मराठवाड्यातील ग्राहकाने वेगळे ठरवावे. पुण्यातल्या माणसाला सर्व्हिस सेंटर घराजवळ असते. हिंगोली किंवा उदगीरच्या माणसाला गाडी बंद पडली की दोन-अडीचशे किलोमीटर टोइंग करावे लागू शकते. म्हणून रोख सवलत काही केल्या वाढत नसेल तेव्हा वाढीव वॉरंटी, पाच वर्षांचे सर्व्हिस पॅकेज, गाडी घरून नेण्या-आणण्याची लेखी सोय आणि टायरचा विमा मागावा. यातील शेवटची बाब किरकोळ समजू नये. यांपैकी बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते. त्याऐवजी रन-फ्लॅट टायर असतात, जे हवा गेल्यावरही साधारण ताशी ८० किलोमीटरच्या आत ८० किलोमीटर चालतात. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर ते पुरेसे असेल, पण खडी उखडलेल्या जिल्हा मार्गावर टायरची बाजू फाटली तर त्याच मापाचा टायर तालुक्याच्या गावी मिळत नाही. १९ इंची रिमऐवजी १८ इंची रिमचा प्रकार उपलब्ध असेल तर तो घ्यावा, दिसायला जरा कमी वाटला तरी.

बुकिंगपासून ताब्यापर्यंत

इसार देताना पावतीवर मॉडेल, प्रकार, रंग, ठरलेली अंतिम ऑन-रोड किंमत, सवलतींची फोड, ताबा देण्याची तारीख आणि रद्द केल्यास रक्कम परत मिळण्याची अट एवढे लिहून घ्यावे. गाडी येईपर्यंत किंमत वाढली तर कोणती लागू राहील, हेही त्यातच यावे. बुकिंगची रक्कम बँकेतूनच द्यावी.

पूर्ण पैसे भरण्यापूर्वी चासी क्रमांक मागून घ्यावा आणि प्रत्यक्ष गाडीशी ताडावा. नोंदणीच्या आधी गाडी दिवसा, उघड्यावर पाहावी; शोरूमच्या दिव्यांत रंगातली तफावत दिसत नाही. टायरच्या बाजूला चार अंकी संकेत कोरलेला असतो, त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. ‘२३२५’ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायरचे संकेत जवळपासचे असावेत आणि सांगितलेल्या उत्पादन महिन्याशी जुळावेत. किलोमीटरचा आकडा शे-दीडशेच्या वर असेल, तर ती गाडी चाचणीसाठी फिरवली होती का, हे स्पष्ट विचारावे आणि फिरवली असल्यास तिचा भाव डेमो गाडीचाच धरावा. ताब्याच्या दिवशी हार, पेढे, नारळ आणि फोटो यांच्या गर्दीत हे पाहायला कोणालाच सवड नसते, म्हणून तपासणी आदल्या दिवशीच उरकावी.

ताब्यानंतर नोंदणी प्रमाणपत्र आले की त्यावरील उत्पादन महिना, इंधन प्रकार आणि बँकेचा बोजा तपासावा. पुढच्या तिमाहीत आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या विवरणात टीसीएसची रक्कम दिसते का ते पाहावे; दिसत नसेल तर विक्रेत्याने विवरणपत्र भरलेले नसते किंवा पॅन चुकलेला असतो, आणि दुरुस्ती त्यालाच करावी लागते. आयकर विवरणपत्र भरण्यापूर्वी त्याच्याकडून ती करून घ्यावी.